तेवीस तासांचे बूट

सोनगीरच्या वना चक्कीवाल्याला मापाची चप्पल आयुष्यात कधी मिळाली नाही. मिळणार तरी कुठून? डावा पाय जन्मापासून आत वळलेला, तळवा मागे बघणारा. माणसाच्या पायाची जी बाजू कधी जमिनीला लागत नाही, त्या बाजूवर वना चालायचा. साठ वर्षं चालून तिथे नारळाच्या करवंटीसारखा टणक घट्टा पडला होता. त्या घट्ट्याखाली तो मोटारसायकलच्या टायरचा तुकडा धरायचा, वरून ट्यूबच्या पट्ट्या आवळायचा आणि टक्-घस्स, टक्-घस्स करत सकाळी चक्की गाठायचा. गल्लीतल्या बायांना घड्याळ बघावं लागत नसे. वना गेला म्हणजे सात वाजले.

काही माणसांच्या वाट्याला नाटकात भालदाराचं काम येतं. ना वाक्य, ना टाळी. पण तो उभा नसेल तर दरबार दरबारासारखा दिसत नाही. वनाचं तसंच होतं. तो लहान होता तेव्हा सोनगीरात तांब्यापितळेच्या भांड्यांवर दिवसभर हातोड्या पडायच्या, बोळच्या बोळ खणखणत असायचे, आणि शाळा सुटली की पोरं किल्ल्याकडे धूम ठोकायची. वाळल्या गवतावरून चपला घसरतात म्हणून त्या पायथ्याशी काढून अनवाणी वर चढायची. वना खाली, चपलांच्या ढिगापाशी. वरून पोरं हाका मारायची, हा खालून हात हलवायचा. पुढे लग्नात, भंडाऱ्यात, कीर्तनात, जिथे म्हणून माणसं चपला काढतील तिथे वना त्यांच्यापाशी बसलेला दिसायचा. त्याला कुणी बसवायचं नाही. तोच जाऊन बसायचा.

एकदा त्याला बघायला पाहुणे आले होते. मुलीच्या बापाने चहाची बशी तोंडाला लावली, तेवढ्यात वना पाण्याचा तांब्या घेऊन आतून आला. पाहुण्याने पाय पाहिला, बशी खाली ठेवली आणि बस चुकेल म्हणून उठला. त्यानंतर वनाने घरच्यांना खटपट करू दिली नाही. थोरला भाऊ झुलाल, भावजय ताईबाई, त्यांचा मुलगा नवल आणि घराची पिठाची चक्की, एवढा त्याचा संसार. नवल तर चक्कीतल्या रिकाम्या पोत्यांवर झोपूनच मोठा झाला.

नवलचं लग्न असोद्याच्या कोकिळेशी झालं. जळगावजवळच्या केळीच्या मुलखातली मुलगी, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी. फाल्गुनात मुलगा झाला. फोनवर नवल हसत होता, पण फोन ठेवताना त्याचा चेहरा पडला होता. पोराचा पाय जरा वाकडा आहे म्हणतात, एवढंच तो म्हणाला. ताईबाईने झटकन वनाकडे पाहिलं आणि तितक्याच झटकन नजर काढून घेतली.

पाचवीच्या पूजेला सगळे असोद्याला गेले. कोकिळेची आई लताबाई पोराला दुपट्यात घट्ट गुंडाळूनच एकेकाच्या मांडीवर देत होती. वनाच्या मांडीवर आलं तेव्हा त्याने दुपट्याची गाठ सोडली. डावं पाऊल आत वळलेलं, तळवा मागे, पाच बोटं तांदळाच्या दाण्यांएवढी. वनाने स्वतःचा पाय मांडीखाली ओढून घेतला, झाकल्यासारखा.

"हाऊ पाय मन्हाच शे," तो म्हणाला.

 मग ताईबाईने ग्रहणाची गोष्ट काढली. पोटुशी असताना ग्रहणात कोकिळा पाय मुडपून झोपली होती, आपण दोनदा हटकलं होतं, असं ती विहिणीला सांगू लागली. कोकिळा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"मग वनानाना जन्मले तेव्हा ग्रहणात कोण झोपलं होतं?" ती म्हणाली, आणि ते प्रकरण तिथेच मिटलं.

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की असा पाय मोठं ऑपरेशन न करता सरळ होतो. दर आठवड्याला नवं प्लास्टर घालून पाऊल थोडं थोडं वळवत आणायचं. पण लवकर, हाडं कोवळी आहेत तोवर. धुळ्याला आठवड्यातून एक दिवस खास अशा पोरांचा दवाखाना असतो आणि सोनगीरहून धुळं हाकेच्या अंतरावर. लताबाई म्हणाली, सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडणार नाही. झुलाल म्हणाला, निदान बारसं तरी होऊ द्या. ज्या वनाने आजवर पीठ जाड हवं की बारीक याखेरीज कुणाला काही विचारलं नव्हतं, तो त्या बैठकीत उठून उभा राहिला.

"भाऊ, त्याले बी मन्हागत चपलासजोडे बसाडशात का?"

पोराला चपलांपाशी बसवणार का, हे ऐकून झुलालने भावाच्या पायाकडे पाहिलं. साठ वर्षं एका घरात राहून पहिल्यांदा पाहावं तसं. पोर अठरा दिवसांचं असताना आईसकट सोनगीरला आणून धुळ्याला नेलं, आणि बारसं पहिल्या प्लास्टरसकट झालं. नाव ठेवलं योगराज.

चैत्र-वैशाखातलं खानदेशचं ऊन ज्याने सोसलंय त्यालाच ते कळेल. त्या उन्हात जांघेपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलेलं तान्हं पोर. अंघोळ नाही, घामोळं आलेलं, पाठ लालेलाल. नवल भाड्याची पिकअप चालवायचा, त्याला सुट्टी नसे. म्हणून दर बुधवारी कोकिळा आणि वनानाना पोराला ओल्या पंचाखाली धरून एसटीने धुळ्याला जायचे. बुधवारी चक्की बंद. छगन कंडक्टर ओळखीचा झाला होता. तिकीट फाडताना म्हणायचा, "नाना, नातवाचं काम झालं की तुम्हीबी एक प्लास्टर ठोकून घ्या, निम्म्या तिकिटात नेतो." वना हसायचा. जाण्याआधी पहाटे कोमट पाण्यात पाय भिजवून जुनं प्लास्टर सोडवायचं काम त्याचं. पिठात वावरलेली बोटं, हलकी. पोर रडायचं नाही.

डॉक्टर पाऊल हातात घ्यायचे आणि हलकेच, कुंभाराने मडक्याचा काठ वळवावा तसं बाहेर वळवून धरायचे. वना टेबलाच्या टोकाशी उभा राहून बघायचा. पहिल्या आठवड्यात तळवा मागे होता. तिसऱ्यात बाजूला आला. पाचव्यात समोर. चौथ्या खेपेला त्याने आपल्या टायरच्या पट्ट्या सोडल्या आणि डॉक्टरांपुढे पाय केला. काही विचारलं नाही. डॉक्टर खाली बसले, त्यांनी घट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, नाना, तुम्ही जन्मला तेव्हा हे कुणी करत असतं तर. वनाने मान हलवली आणि पट्ट्या पुन्हा बांधल्या.

सहा प्लास्टरं झाली. मग टाचेवरची ताठ नस एका छोट्या कापाने सैल केली आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवलं. ते निघालं तेव्हा मृग लागला होता. पाऊल सरळ होतं. इतर पोरांसारखं साधं पाऊल. कोकिळा रडली. वना टेबलाभोवती एक फेरी मारून आला आणि पुन्हा बघितलं.

पण खरं काम त्यानंतर होतं. ते समजावून सांगायला साक्रीकडची एक तरुण मुलगी होती, सुलक्षणा मॅडम. तिने चामड्याचे दोन छोटे बूट काढले, पुढून बोटं उघडी, आणि दोन्ही बूट एका आडव्या पट्टीला ठोकलेले. पाय असा खांद्याइतका फाकवून धरायचा. दिवसाचे तेवीस तास. उरलेला एक तास अंघोळीला आणि मालिशला. तीन महिने असं, आणि मग चार वर्षांचा होईपर्यंत रात्री आणि दुपारी झोपताना. पाय सरळ झालाय, पण त्याला आपली जुनी जागा आठवते, असं ती म्हणाली. बुटाच्या मागे टाचेपाशी एक भोक होतं. बूट घातल्यावर त्यातून बघायचं. टाच खाली टेकलेली दिसली तर बूट बसला. नाही दिसली तर टाच वर सरकतेय, लगेच यायचं. संपर्काला फोन नंबर हवा होता. नवल गाडीवर, कोकिळेचा हात कामात. वनाचा फोन कायम सदऱ्याच्या खिशात. त्याचा नंबर लिहिला गेला.

वनाने ते तेवीस तास जसे पाळले तसा कुणी एकादशीचा उपास पाळला नसेल. चक्कीच्या भिंतीवर खडूने रोजची वेळ लिहायचा, काढले किती वाजता, घातले किती वाजता. चक्कीतच झोळी बांधली होती. पट्टा फिरू लागला, दगडांची घरघर सुरू झाली की योगराज पाय फाकवून, पट्टीसकट, गाढ झोपायचा. ताईबाई म्हणायची, पोराला बैलासारखं जू लावलंय. वना पंचाने बुटांवरचं पीठ पुसायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात अशा पायाच्या मापाचं पायताण आलं होतं. भोकातून टाच दिवसातून दहा वेळा बघायचा.

असे दोन महिने गेले आणि श्रावण लागला.

खानदेशात श्रावण म्हणजे कानबाई. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी येते. नारळाला नथ, डोळे, दागिने, चौरंगावर केळीचे खांब. सोमवारी सकाळी मिरवत नदीवर नेऊन तिला निरोप. तिच्यासाठी शनिवारी घरातल्या प्रत्येक माणसामागे मोजून गहू दळायचे, त्याचे रोट, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्या. ते रोट भावकीनेच खायचे, घरातच खायचे, एक घास उंबऱ्याबाहेर जाता कामा नये आणि पौर्णिमेच्या आत एक तुकडा मागे उरता कामा नये. हात धुतलेलं पाणीसुद्धा एका खड्ड्यात. रोट घरात आहेत तोवर देवी घरात आहे, आणि देवी घरात आहे तोवर चामडं उंबऱ्याच्या आत नाही. भिंती पोतारल्या जातात, गोधड्या धुतल्या जातात. वनाची चक्की तर त्या शनिवारी दगडापासून धुतली जायची. गल्लीभरचं रोटाचं दळण तिथेच व्हायचं. फार वर्षांपूर्वी चक्कीचा चामडी पट्टा त्यानेच या रोटासाठी काढून टाकून रबरी लावला होता.

पण इतकं करून वना स्वतः कानबाईला कधी जवळून दिसला नव्हता. त्याचा पाय चौरंगाला लागेल, काही सांडेल, म्हणून पूजेच्या वेळी तो ओसरीत. चपलांपाशी.

त्या वर्षी झुलालने सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "औंदा चौरंग वना मांडी."

पोराचा पाय देवीने सरळ केला होता आणि वनाने त्यासाठी घाम गाळला होता, म्हणून तो मान त्याचा. वनाने पंचाने तोंड पुसलं, पीठ आणि पाणी एक झालं. दुपारी ताईबाईने बुटांचा विषय काढला.

"देवी बी घरमा अन् चामडं बी घरमा? हाई चालाव नही."

कोकिळा म्हणाली, पूजेपुरते काढू, तासाभरात घालू. ताईबाई म्हणाली, तासाचा प्रश्न नाही, रोट पौर्णिमेपर्यंत आहेत. त्यांचं बोलणं वाढलं आणि मग हळूहळू सगळ्यांची तोंडं वनाकडे वळली. कारण तेवीस तासांचा मालक तो होता. तो नाही म्हणाला असता तर ताईबाईचंही काही चाललं नसतं. हे त्याला ठाऊक होतं, सगळ्यांना ठाऊक होतं. कोकिळा त्याच्याकडे अशी बघत होती की आता नाना काय ते बोलतील.

वना बोलला. "नऊ दिनमा काय व्हस?"

त्याने स्वतःच्या हाताने बुटांच्या नाड्या सोडल्या, पट्टी पंचाने पुसली आणि ते जोड बूट उंबऱ्याबाहेर भावकीच्या चपलांशेजारी नेऊन ठेवले.

मग त्याने चौरंग मांडला. केळीचे खांब बांधले, नारळाला नथ लावली. पाय कुठे लागला नाही, काही सांडलं नाही. सोमवारी मिरवणुकीत तो योगराजला छातीशी धरून चालला, आणि जो भेटेल त्याला पोराचं उघडं पाऊल वर करून दाखवत होता. बघा, बघा. डफ वाजत होता, बाया फुगड्या घालत होत्या. त्या दिवशीचा वना ज्यांनी पाहिला ते सांगतात, त्याची टक्-घस्स ऐकू आली नाही.

पौर्णिमेला शेवटचा रोट संपला. वनाने बूट आत आणले, धुतले, वाळवले. योगराजचा पाय आत घालायला गेला तर पोराने असा टाहो फोडला की चक्कीवर दळणाला आलेल्या बाया आत धावल्या. जोर करून नाडी आवळली. भोकाला डोळा लावला. आत काळोख. टाच नव्हती.

नऊ दिवसांत पायाला जुनी जागा आठवली होती.

आता इथे माणसाने त्याच पावली धुळं गाठलं असतं. बुधवार परवाचा होता. पण वना कुणाच्या तोंडाने जाणार? दवाखान्यात सुलक्षणा मॅडम दर खेपेला इतर आयांना सांगायची, या आजोबांसारखं करा. त्याने कोकिळेला सांगितलं, पाय जरा सुजलाय, चार दिवस मालिश करू, उतरेल. मग पोळा आला. मग गौरी-गणपती. बूट घातला की टाच सटकायची, पट्टीला हिसडे देऊन पोर घोट्यावर फोड आणायचं, आणि ज्या वनाच्या हातात पोर कधी रडलं नव्हतं तो ते रडणं ऐकून बूट काढून ठेवायचा. भिंतीवरचा खडू थांबला. कोकिळा म्हणाली, नाना, तारीख होऊन गेली. तेव्हा वना म्हणाला की त्याने मॅडमना फोन केला होता. त्या म्हणाल्या, दसऱ्यानंतर आलात तरी चालेल.

आयुष्यात त्याने थापा अशा मारल्याच नव्हत्या, म्हणून ती लगेच खपली.

त्या दोन महिन्यांत त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन तीनदा वाजला. धुळ्याचा नंबर होता. त्याने तिन्ही वेळा चक्की चालू केली.

दसरा झाला, कापूस वेचायला आला, घरातल्या बाया शेतात. दिवाळीला कोकिळा असोद्याला गेली. तिचे वडील पितांबर यांनी नातवाला भिंतीला धरून उभं केलं. उजवं पाऊल फरशीवर सपाट टेकलं. डावं आतल्या अंगाला गेलं आणि पोर कडेवर उभं राहिलं. पितांबर म्हणाले, बाई, हा पाय तुझ्या चुलतसासऱ्यासारखा पडतोय. कोकिळेने तिथूनच दवाखान्याला फोन लावला. दसऱ्यानंतर बोलावल्याचं तिने सांगितलं.  पलीकडून सुलक्षणा मॅडम म्हणाली, ताई, आम्ही तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही. आणि कानबाईचं आधी विचारायचं होतं ना, दरवर्षी चार घरं विचारतात, आम्ही काही ना काही तोड काढतो.

भाऊबीज झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कोकिळा सोनगीरला आली. घरात न जाता थेट चक्कीवर. दळण चालू होतं. तिने खटका दाबून चक्की बंद केली.

"नाना, तुमचा फोन कुठे असतो?"

वनाने खिशावर हात ठेवला.

"वाजला होता ना?"

"वाजना व्हता," वना म्हणाला.

 शिव्या दिल्या असत्या तर वनाला बरं वाटलं असतं. तिने झोळीच्या दोरीला अडकवलेले बूट काढून घेतले आणि गेली. पुढची प्लास्टरं तिने असोद्याहून ये-जा करत घातली, सोबत पितांबर. हिवाळ्यात पुन्हा चार प्लास्टरं, पुन्हा नस कापणं, पुन्हा तीन आठवडे. आता पोर मोठं होतं, त्याला कळत होतं, दवाखान्याची पायरी दिसली की थरथरायचं. डॉक्टरांनी सांगितलं की पाय पुन्हा आणलाय, पण एकदा परतलेला पाय लबाड असतो. चार वर्षांचा झाला की कदाचित मोठं ऑपरेशन लागेल. दवाखान्याच्या वहीत नंबर आता कोकिळेचा होता.

होळीनंतर ती सोनगीरला परतली. वनाशी बोलायची नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, सगळं रीतीने. पण शब्द नाही. बुटांना हात लावू द्यायची नाही. झुलाल आणि नवलही त्याला काही म्हणाले नाहीत, आणि ताईबाईने तर चामड्याचं नावच पुन्हा काढलं नाही. सगळ्यांनी मिळून ते वनाच्या अंगावर ठेवलं, आणि वनाने ते घेतलं. तो चपलांपाशी परत गेला. योगराज मात्र चालू लागल्यावर, डावं पाऊल किंचित आत टाकत, दिवसातून चार वेळा चक्कीत यायचा आणि रिकाम्या पोत्यावर आडवा व्हायचा. मग कोकिळा येऊन न बोलता उचलून न्यायची.

आणि पुन्हा श्रावण आला.

आता बूट फक्त झोपताना होते, रात्रभर आणि दुपारचे दोन तास. पण देवी घरात असताना चामडं आत नाही, हे काही बदललं नव्हतं. मॅडमने सांगितलेली तोड होती की पोराला तेवढे दिवस दुसऱ्या घरी झोपवा. दुसरं घर कुठलं? असोद्याला माहेरीही कानबाई, तिथेही हाच प्रश्न, आणि सून कानबाईला घर सोडून गेली तर भावकी काय म्हणेल? शनिवारी सकाळी त्यावरून पुन्हा आवाज चढले. वना चक्की धुऊन येत होता. तो ओसरीतच थांबला.

"बूट घरमा येत नहीत, ते मी बी येत नही," तो झुलालला म्हणाला. "पोऱ्या मन्हाजोडे बाहेर झोपी."

झुलाल म्हणाला, म्हणजे तू रोट खाणार नाहीस? साठ वर्षांत चुकला नाहीस. वनाने मान हलवली. तुझ्या नावाचे गहू मोजलेत, झुलाल म्हणाला, ते मागे राहिले तर घराला लागतील.  वना ओसरीतून हलला नाही.

कोकिळेने आत जाऊन बूट आणले. त्याच्याकडे न बघता ओसरीच्या कडेला ठेवले. दुसरं माणूस नव्हतं घरात, बाहेर बसायला तयार असलेलं. एवढंच होतं ते.

त्या वर्षी चौरंग नवलने मांडला. रविवारी दुपारी भावकी जेवायला जमली, ओसरीत चपलांचा ढीग पडला, वहाणा, बूट, पोरांच्या रंगीत सपाता. त्यांच्या शेजारी गोधडीवर योगराज, पायात बूट, आडवी पट्टी दोन्ही पाय फाकवून धरलेली. झोपेत तो नाडीकडे हात न्यायचा, वना हात बाजूला करायचा. आतून पुरणाचा वास येत होता. पंगत बसली, वाढणं झालं, आणि ताईबाईचा आवाज आला की वनाच्या वाट्याचं कुणाच्या ताटात वाढू?  दुसऱ्याच्या नावाचा रोट खायला माणूस बिचकतं. कुणाचं नशीब त्यात येईल सांगता येत नाही.

"माझ्या ताटात वाढा," कोकिळा म्हणाली.

"दोन जणांचं जाई का तुले?"

"जाईल."

मग भांड्यांचा आवाज, आणि पुढे काही नाही. ती सावकाश जेवत होती. बाकीचे उठले, हात धुऊन ओसरीत आले, चपला शोधू लागले. वना एकेकाची चप्पल त्याच्या पायापुढे सरकवत होता. शेवटचा माणूस गेला तरी आत एक ताट वाजत होतं. दिवसाला दोन वाटे, पौर्णिमेपर्यंत ती तशीच जेवली, आणि त्या आठ दिवसांतही वनाशी एक शब्द बोलली नाही.

त्या पहिल्या दुपारी ओसरी रिकामी झाल्यावर वना गोधडीवर वाकला, गाल जमिनीला टेकवला आणि बुटाच्या भोकाला डोळा लावला. टाच होती. पूर्ण टेकलेली नाही, खालून एक केसभर काळी फट होती. त्याने नाडी सोडली, पाऊल दोन बोटांनी खाली दाबलं, पुन्हा आवळली, पुन्हा डोळा लावला. फट होतीच. तिसऱ्यांदा सोडली.

आतून कोकिळा तोंड पुसत उंबऱ्यापर्यंत आली होती. आज तिने बूट हिसकावून घेतले नाहीत. तिथेच उभी राहून ती बघत राहिली.